डाव्या कुशीवर

आमचे बाबा डावखुरे होते, पण जेवायचे उजव्या हाताने. ही वाटणी त्यांनी आपणहून केलेली नव्हती. सिन्नरजवळच्या त्यांच्या गावी लहानपणी ते डाव्या हाताने भाकरी मोडायचे. एकदा घरी पाहुणे जेवायला बसले होते. पोराचा डावा हात ताटात बघून बाबांच्या आत्याला लाज वाटली आणि तिने चुलीजवळचं तापलेलं उलथनं उचलून त्या डाव्या मनगटावर टेकवलं. त्या दिवसापासून ताटापुरता उजवा हात आणि बाकी सगळ्या कामाला डावा. मनगटावरचा डाग तसाच राहिला, उलथन्याच्या पात्याएवढा रुंद आणि एका टोकाला वाकडा. आत्या वारली तेव्हा बाबा मातीला गेले नाहीत. आई म्हणाली, "इतक्या वर्षांचं काय धरून बसायचं?" बाबा म्हणाले, "मी नाय धरलं. हातानं धरलंय."

सांगायचं कारण एवढंच, की डूख धरणं आमच्याकडे वडिलोपार्जित आहे. बाबा दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या विहारात बसून सगळ्या प्राण्यांचं मंगल चिंतायचे. त्या सगळ्या प्राण्यांत आत्या नसायची. पुढे एक सर्जनही नसायचा. त्याला मी इथे 'तो'च म्हणणार आहे. तोंडावर बरीच वर्षं 'सर' म्हटलं, तेवढं पुरे झालं.

नव्वदच्या दशकात बाबा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. कानस डाव्या हाताने चालवायचे, म्हणून टेबलाच्या उलट्या बाजूला उभे राहायचे, आणि नवा माणूस आला की त्याला वाटायचं हा गडी चुकीच्या जागी उभा आहे. पाळी सुटली की विहाराच्या ओट्यावर कॅरम. त्यांचा स्ट्रायकर कुठून येईल याचा समोरच्याला अंदाजच यायचा नाही. राणी काढली की मान न वळवता घराच्या दिशेने ओरडायचे, "चहा टाक गं!" आई आतून शिव्या घालायची आणि चहा टाकायची. तंबाखूही ते डाव्याच अंगठ्याने मळायचे. त्या तंबाखूनेच घात केला.

दोन हजार साल उलटून गेल्यावर त्यांना घास अडकायला लागला. आधी भाकरी अडकली, मग भात, मग पेजसुद्धा. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. मी तेव्हा एमबीबीएस होऊन भूल देण्याचं शिक्षण घ्यायला पुण्याला होते. सुट्टी टाकून धावत आले. नाशकात त्या वेळी या सर्जनचा बोलबाला होता. छाती न फाडता, बरगड्यांमधून बारीक भोकं पाडून, दुर्बिणीतून तो ऑपरेशन करायचा. आम्हाला समोर बसवून त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. माणूस हाताचा चांगला होता, हे मी नाकारत नाही. बाबांचा कॅन्सर त्याने काढला आणि तो पुन्हा कधी आला नाही. माझी तक्रार कापण्याची नाही, निजवण्याची आहे.

अन्ननलिका छातीत पाठीच्या कण्याला लागून असते. दुर्बिणीने तिथवर जायचं तर उजव्या बरगड्यांमधून शिरावं लागतं. म्हणून पेशंटला डाव्या कुशीवर निजवतात. उजवा हात पुढे टेकू देऊन ठेवतात, उजवं फुप्फुस आम्ही भूल देणारे मिटवून ठेवतो आणि एकाच फुप्फुसावर त्याला तासन्‌तास सांभाळतो. एवढा वेळ सगळ्या अंगाचा भार डाव्या खांद्यावर असतो. हाताच्या नसा काखेतूनच जातात. त्या चेंगरू नयेत म्हणून काखेच्या जरा खाली, बरगड्यांपाशी, चादरीची घट्ट गुंडाळी सारतात, म्हणजे खांदा अधर राहतो. घरी झोपलेल्या माणसाचा हात दुखला तर तो झोपेतच कूस बदलतो. भूल दिलेल्याला ते जमत नाही. त्याची कूस दुसऱ्या कुणीतरी सांभाळायची असते, आणि ही गोष्ट आम्हाला शिकताना पहिल्याच वर्षी घोकून घेतात.

बाबांच्या ऑपरेशनला मला आत येऊ दिलं नाही. नातेवाईक आत नको, असा त्याचा नियम होता. आईबरोबर मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

बाबा पुरते शुद्धीवर आले तेव्हा घशातून आवाज फुटत नव्हता. ओठांनीच त्यांनी विचारलं, "माझा हात कुठाय?" हात त्यांच्या शेजारीच पडलेला होता. मी तो उचलून त्यांच्या पोटावर ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बोटं हलवायचा प्रयत्न केला. तोंड लाल झालं, मानेच्या शिरा ताणल्या, पण बोटं जागची हलली नाहीत.

त्याला सांगितलं तर म्हणाला, होईल बरा. तोंडाने थोडंथोडं खायला लागले त्या दिवशी तो राउंडला आला, तेव्हा बाबा उजव्या हाताने चमचा धरून पातळ खिचडी खात होते. त्याने ते पाहिलं, माझ्याकडे वळला आणि हसून म्हणाला, "डावाच हात आहे ना? जेवता येतंय ना? मग झालं तर."

मी विचारलं, "सर, काखेखाली गुंडाळी होती का?"

"तुम्ही अजून शिकताय," तो म्हणाला. "हे आजारपणाच्या अशक्तपणाने होतं." आणि पुढच्या खाटेकडे गेला.

बाबा खाली बघून खिचडी खात राहिले. आयुष्यभर काम केलेला हात कुठला, हे त्याने विचारलं नव्हतं. ताटाकडे बघून ठरवून टाकलं होतं. आत्याने चटका देऊन शिकवलेल्या उजव्या हातानेच बाबांचा असा घात केला.

पुढे व्यायाम झाले, विजेचे शेक झाले, रबराचा चेंडू दाबणं झालं. कोपर थोडं परत आलं. मनगट आणि बोटं आलीच नाहीत. कारखाना सुटला. कॅरम त्यांनी उजव्या हाताने खेळून पाहिला. समोरचे मुद्दाम सोंगट्या चुकवायला लागले. ते बाबांच्या लगेच लक्षात आलं आणि त्यांनी ओट्यावर बसणं सोडलं. डावा हात ते मांडीवरच्या पंचाखाली ठेवायला लागले. घरी कुणी आलं तरी पंचा काढायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही. मी शिकून नाशकात परत आले, ऑपरेशनं असतील त्या त्या दवाखान्यात स्कूटरवरून भूल द्यायला जायला लागले, आणि रोज संध्याकाळी तो पंचा बघून माझं रक्त तापायचं.

मग एकदा नाशकातच द्वारका चौकाजवळच्या हॉटेलात डॉक्टरांची सभा झाली. जेवण होतं, त्याआधी त्याचं भाषण होतं. दुर्बिणीतून अन्ननलिकेचं ऑपरेशन आपण इथे कसं सुरू केलं ते तो सांगत होता. पडद्यावर फोटो येत-जात होते. पेशंटला कसं निजवलंय तो फोटो आला. चेहरा हिरव्या कापडाखाली होता. उजवा हात पुढे टेकवलेला. डावा हात अंगाखालून अर्धवट बाहेर आलेला, मनगट नेमकं कॅमेऱ्याकडे. मनगटावर उलथन्याचा डाग होता, एका टोकाला वाकडा.

काखेखाली काहीही नव्हतं. खांदा सपाट टेबलावर दाबलेला स्वच्छ दिसत होता.

"बरेच जण इथे गुंडाळ्या आणि उशा लावत बसतात," तो म्हणाला. "आम्ही पेशंटला डाव्या कुशीवर टाकतो आणि कामाला लागतो."

टाकतो म्हणाला. पोतं टाकतात तसं. समोरची माणसं हसली. मी उठून उभी राहिले. "सर, या पेशंटच्या हाताचं पुढे काय झालं?"

"कोणत्या हाताचं?" त्याने विचारलं. खरंच विचारलं. त्याला आठवतच नव्हतं.

"खालच्या."

"पेशंट उत्तम आहे. कॅन्सर परत आलेला नाही," तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मी न जेवता बाहेर पडले. द्वारकेच्या गर्दीतून स्कूटर काढताना तोंडाला बांधलेल्या स्कार्फच्या आत मी त्याला मोठमोठ्याने शिव्या घालत होते. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं त्यालाच घालतेय. त्याने मुकाट्याने वाट दिली.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. "डाग दिसला का फोटोत?" त्यांनी विचारलं.

"दिसला."

"मंग त्यालाबी दिसला असंल की."

मी म्हटलं, केस करू. फोटो त्याच्याचकडे आहे, शेकडो जणांनी बघितलाय. बाबांनी मान हलवली. "कोर्टात तो वकील उभा करंल आन आपुन जलमभर पायऱ्या झिजवू. मला कोर्ट नको. त्याला एकदा आपल्या घरी आण."

"इथे? तो कशाला येईल?"

"तुझी गरज पडली की यील."

"आणि आला तर काय करणार आहात?"

"ते मी बघंन. मी हाय तवर आण म्हंजे झालं."

त्या दिवसापासून मला एकच काम उरलं. एका फुप्फुसावर भूल देणं हे आमच्या कामातलं अवघड काम. नळी जरा सरकली तरी पेशंट निळा पडतो. बरेच जण ते टाळायचे. मी ते मागून घ्यायला लागले. मुंबईला जाऊन पुन्हा शिकले. छातीचं ऑपरेशन असलं की आता लोक मला बोलवायचे. माझा खाक्या ठरलेला होता. पेशंटला भूल द्यायच्या आधी मी विचारायचे, "कामाचा हात कोणता?" नुसतं डावखुरे का म्हणून विचारलं तर अर्धे लोक लाजून नाही म्हणतात. कामाचा कोणता विचारलं की खरं सांगतात. मग गुंडाळी मी स्वतः लावायचे, आणि खांद्याखालून माझा हात आरपार गेल्याशिवाय कुणाला सुरी हातात घेऊ द्यायचे नाही. काही सर्जन वैतागायचे. माझ्या पाठीमागे मला 'गुंडाळीबाई' म्हणायचे. म्हणा, मी मनात म्हणायचे, तुमचा गुरू एक दिवस माझ्या घरी येणार आहे.

मग त्याचा नेहमीचा भूल देणारा डॉक्टर परदेशी गेला, आणि त्याचा फोन आला. इतका गोड आवाज! मी म्हटलं, वेळ नाही. पुन्हा आला, पुन्हा वेळ नव्हता. त्याने मध्यस्थ पाठवले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. पेशंटचं मी कधी अडवलं नाही. ज्याला घाई असेल त्याला दुसऱ्या सर्जनकडे पाठवा, तिथे मी येते, असं स्पष्ट कळवायचे. अडवायचं होतं ते त्याचं. त्याचे पेशंट डोळ्यांदेखत दुसरीकडे जायला लागले. खोटं कशाला बोलू, मला त्या काळात छान झोप लागायची.

शेवटी तो फोनवर म्हणाला, "मॅडम, तुमची काही नाराजी आहे का?"

"तसं नाही सर," मी म्हटलं. "पण अशा गोष्टी आमच्याकडे घरी बसून बोलतात."

तो रविवारी सकाळी आला. पांढरा शर्ट, परीटघडीची पँट, हातात मिठाईचा पुडा. बाबा विहारातून नुकतेच आले होते आणि खुर्चीत बसले होते, डावा हात पंचाखाली. तो त्यांच्याकडे बघून "नमस्कार काका" म्हणाला. ओळखलं नाही. ज्याची छाती आतून बघितली होती त्याचं तोंड त्याला ओळखता आलं नाही. बाबांनी उजवा हात कपाळाला लावला आणि समोरच्या लाकडी कॉटवर बसायला सांगितलं. आमच्या त्या कॉटवर नुसती सतरंजी असायची.

त्याने कामाचं बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात बाबा म्हणाले, "साहेब, एक इचारू का? माझी पोरगी रोज त्या थेटरात उभी ऱ्हाती, पण मला कंदी नीट समजलं नाय. दुर्बिणीच्या आप्रेशनला माणसाला निजवता कसं तुमी?"

त्याला कुणी असं विचारलं की राहवायचं नाही, हे मला त्या सभेतच दिसलं होतं. "सोपं आहे काका," तो म्हणाला. "डाव्या कुशीवर."

"असं सांगून कळत नाय हो. दाखवा की."

तो माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. त्याने बूट काढले आणि कॉटवर डाव्या कुशीवर आडवा झाला. उजवा हात पुढे घेतला. "हा असा. आणि हा खालचा हात असाच राहतो."

"काखंखाली काय लावता का?"

"तशी गरज नसते," तो म्हणाला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा कळलं त्यांनी त्याला घरी का बोलावलं होतं. "चहा टाक गं!" ते आईला म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांनी ही हाक मारली होती.

आईने चहा टाकला. तिने आयुष्यात इतका सावकाश चहा कधी केला नसेल. आधी आलं मिळेना, मग गवती चहाची पात तोडायला ती मागच्या अंगणात गेली. इकडे बाबांनी त्याला प्रश्नांवर घेतलं. दुर्बीण केवढी असते? आतलं खरंच एवढं मोठं दिसतं का? कापलेल्या नळीच्या जागी काय घालता? जठरच वर ओढता? अन् मग माणूस जेवतो कसा? तो कौतुकाने उत्तरं देत होता, मोकळ्या उजव्या हाताने हवेत दाखवत होता. मग हळूहळू त्याची उत्तरं तोकडी व्हायला लागली. त्याने खांदा उचलून अंग सारखं करायला घेतलं.

"हलू नका," बाबा म्हणाले. "पेशंटला हलता येतं का?"

तो हसला आणि पडून राहिला. त्याला माझी गरज होती, आणि घरच्या म्हाताऱ्याला दुखवून चालणार नव्हतं. बाबांनी आणखी विचारलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी दाराला टेकून उभी होते. मला त्याची कीव आली असं मी लिहू शकते, चांगलंही दिसेल. पण नाही आली. मला वाटत होतं, आईला साखरही मिळू नये.

अखेर ती कप-बशी घेऊन बाहेर आली. "उठा साहेब, चहा घ्या," बाबा म्हणाले. तो उठला. डावा हात मांडीवर पडला आणि तिथेच राहिला. तो उजव्या हाताने त्याला चोळायला लागला. बशी धरायला त्याने डावा हात पुढे केला, बोटं नीट मिटेनात, बशी कलंडली आणि चहा त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडला.

"असू द्या," बाबा म्हणाले. "डावाच हात हाय ना? चहा पिता येतोय ना? मग झालं तर."

तो थांबला. कुठेतरी ऐकलेलं आठवावं तसा बाबांकडे बघायला लागला. बाबांनी मांडीवरचा पंचा बाजूला केला, उजव्या हाताने डावं मनगट उचललं आणि त्याच्यासमोर धरलं. हात मनगटातून खाली लोंबत होता. डाग वर आला होता. त्याने डागाकडे पाहिलं, मग बाबांच्या तोंडाकडे, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा उतरला. "काका, मला..." तो म्हणाला. तो घाईघाईने बूट शोधायला लागला. एका हाताने त्याला नाडी बांधता येईना.

"बसा की साहेब," बाबा म्हणाले. "घाई काय हाय? तुमच्या मुंग्या जातील आत्ता."